अवटुग्रंथी आणि मन : एका जुन्या वादाचा आढावा

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाला जालना-बीडपासून बुलढाण्यापर्यंतचा सारा मुलूख नुसते ‘घाटी’ म्हणून ओळखतो, आणि तेथे सकाळी केसपेपर काढणाऱ्या माणसाला सर्वांत आधी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, ते म्हणजे कोणत्या विभागात जायचे. अंग जड झाले, वजन वाढले, पाळी अनियमित झाली, अशी कैफियत असली तर कागद औषधवैद्यक विभागाकडे जातो. झोप उडाली, रडू आवरत नाही, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवते आहे असे वाटते, अशी कैफियत असली तर तोच कागद मनोविकार विभागाकडे वळतो. शरीराच्या आणि मनाच्या दुखण्यांची ही वाटणी कारभाराच्या सोयीची असली तरी व्याधींनी ती कधीच मान्य केलेली नाही. आणि ज्या व्याधींनी ती उघडपणे धुडकावली, त्यांत अवटुग्रंथीच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या थायरॉईडच्या, स्वयंप्रतिरक्षाजन्य विकारांचा क्रम फार वरचा लागतो. या विकारांचा आणि मनोविकारांचा संबंध आहे की नाही हा वाद केव्हाच निकालात निघालेला आहे. तो संबंध किती, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या रुग्णात, एवढेच ठरायचे बाकी आहे, आणि आज जो घोटाळा दिसतो तो या तीन प्रश्नांची सरमिसळ केल्यामुळे दिसतो.

वादाचा आरंभ लंडनमध्ये झाला. सर विल्यम गल यांनी 1873 मध्ये प्रौढ वयातील काही स्त्रियांना जडणाऱ्या एका विलक्षण मांद्याचे वर्णन केले: चेहरा सुजट होतो, त्वचा कोरडी पडते, बोलणे जाड व संथ होते आणि पूर्वी चपळ असलेली बुद्धी आळसावते. पाच वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी या अवस्थेला ‘मिक्सिडिमा’ हे नाव दिले, आणि लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने नेमलेल्या समितीने शंभराहून अधिक रुग्णांचा तपशील गोळा करून 1888 मध्ये आपला अहवाल सादर केला. त्या अहवालात असे नमूद आहे की, भ्रम आणि भास जवळजवळ निम्म्या रुग्णांत, विशेषतः रोग बळावलेल्यांत, आढळले. रासायनिक तपासण्यांचा मागमूसही नसलेल्या काळात, निव्वळ निरीक्षणाच्या बळावर, गळ्यातील एका लहानशा ग्रंथीचा ऱ्हास आणि बुद्धीचा भ्रंश यांची सांगड याप्रमाणे घातली गेली. पुढे तीनच वर्षांनी, 1891 मध्ये, न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटुग्रंथीचा अर्क एका रुग्णेला टोचून तिचे मांद्य हटवले. ती बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली, आणि त्या मुदतीत तिच्या औषधासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या अशी नोंद आहे. मनाचे दुखणे एका द्रव्याच्या अभावाने येते आणि ते द्रव्य पुरवल्यावर जाते, याचा इतका स्वच्छ पुरावा त्यापूर्वी वैद्यकाच्या हाती क्वचितच आला असेल.

तरीही हे ज्ञान वेड्यांच्या इस्पितळांच्या दारापर्यंत पोचायला आणखी अर्धशतक लागले. रिचर्ड अ‍ॅशर यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. हे रुग्ण मानसिक आजाराचे म्हणून दाखल झाले होते, त्यांच्यातले दुखणे वास्तविक अवटुग्रंथीचे होते, आणि अर्क सुरू केल्यावर त्यांतील बहुसंख्यांची बुद्धी ठिकाणावर आली. अ‍ॅशर यांच्या लेखाचा खरा आशय आकड्यांपलीकडचा होता: वेडाच्या वॉर्डात निजलेल्या माणसाचा सुजट चेहरा, घोगरा आवाज आणि कोरडी त्वचा रोज डोळ्यांसमोर असूनही ती कोणाच्या नजरेत भरत नव्हती, कारण एकदा माणूस वेडा ठरला की त्याच्या शरीराकडे पाहण्याचे प्रयोजनच कोणाला उरत नाही.

ग्रंथी निकामी का होते, याचा उलगडा वेगळ्या वाटेने झाला. जपानमधील हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये चार स्त्रियांच्या सुजलेल्या ग्रंथींचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून त्यांत लसिकापेशींची गर्दी झालेली दाखवली. परंतु त्या पेशी तेथे काय करीत आहेत हे चव्वेचाळीस वर्षे अनुत्तरित राहिले. 1956 साली लंडनमध्ये रॉइट, डोनियाक व त्यांचे सहकारी यांना हाशिमोतो यांनी वर्णिलेल्या विकाराच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांमध्ये तोच विकार प्रयोगाने घडवून आणला, आणि न्यूझीलंडमध्ये अ‍ॅडम्स व पर्व्हिस यांना अतिक्रियाशील ग्रंथीच्या रुग्णांच्या रक्तात ग्रंथीला दीर्घकाळ चेतवणारे एक द्रव्य आढळले, तेही पुढे प्रतिपिंडच ठरले. ज्या वर्षी या तीन शोधांनी स्वयंप्रतिरक्षेची कल्पना पक्की केली, त्याच वर्षी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला आणि त्याच वर्षी घाटीचे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तेव्हा या शहरातील आधुनिक वैद्यकशिक्षणाचे वय आणि या ज्ञानशाखेचे वय एकच आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता या विकारांचे मनावर होणारे परिणाम क्रमाने पाहू. पहिला आणि सर्वांत निर्विवाद मार्ग म्हणजे संप्रेरकांची तूट किंवा अतिरेक. हाशिमोतोच्या विकारात ग्रंथी हळूहळू झिजते, थायरॉक्सिन कमी पडते, आणि मेंदूतील पियुषिका ग्रंथी तिला कामाला लावण्यासाठी टीएसएच या चेतक संप्रेरकाचे प्रमाण वाढवीत राहते. म्हणून कागदावर टीएसएच चढलेले दिसते. मेंदूला जे टी-3 हे क्रियाशील संप्रेरक लागते त्याचा मोठा हिस्सा तो स्वतःच थायरॉक्सिनपासून घडवतो, आणि पुरवठा घटला की त्याच्या सर्वच व्यवहारांना मंदी येते: विचार सावकाश चालतो, आठवण दगा देते, कशातच रस वाटत नाही, दिवसा झोप येते आणि रात्री झोपूनही ताजेतवाने वाटत नाही. हे चित्र नैराश्याशी इतके मिळतेजुळते आहे की नुसत्या कैफियतीवरून दोन्ही निराळी काढणे अनुभवी वैद्यालाही अवघड जाते. अशा वेळी शरीरच साक्ष देते. वैशाखात, जेव्हा मराठवाड्यातील घराघरांत कूलर घरघरत असतो, तेव्हा पंखा बंद करा म्हणून सांगणारी आणि अंगावर शाल ओढून बसणारी स्त्री समोर आली की तिच्या टाचेवरच्या स्नायुबंधावर हातोडीचा हलका ठोका मारून पाहावा. पाऊल खाली झटकते ते नेहमीच्या वेगाने, पण मूळ जागी परतताना मात्र आळोखेपिळोखे दिल्यासारखे सावकाश परतते. हे सावकाश परतणे डोळ्यांनी दिसते, त्याला पैसे लागत नाहीत, आणि ज्याने ते एकदा पाहिले तो पुन्हा विसरत नाही.

याच्या उलट ग्रेव्हजचा विकार. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1835 मध्ये आणि मेर्सेबुर्गच्या कार्ल फॉन बासेडो यांनी 1840 मध्ये त्याचे वर्णन केले. यात प्रतिपिंड ग्रंथीला विश्रांतीच घेऊ देत नाही. धडधड, हातांचा कंप, खाऊनही उतरत जाणारे वजन, असह्य उकाडा, आणि त्यासोबत चिडचिड, अस्वस्थता, कारणाशिवाय भीती, क्वचित उन्माद किंवा संशयाचे भ्रम. असा रुग्ण प्रथम हृदयरोगतज्ज्ञाकडे किंवा ‘टेन्शन घेतो’ म्हणून मनोविकारतज्ज्ञाकडे पोचतो. वृद्धांत हे चित्र उलटे होऊ शकते: 1931 मध्ये फ्रँक लाही यांनी दाखवल्याप्रमाणे काही वृद्ध रुग्ण अतिरिक्त संप्रेरक असूनही खिन्न, निस्तेज आणि अबोल होतात, आणि त्यांचे दुखणे म्हातारपणाच्या खाती जमा केले जाते. हाशिमोतोच्या आरंभी तर काही रुग्णांत ग्रंथी फुटून साठवलेले संप्रेरक रक्तात सांडते आणि काही आठवडे अतिरेकाचीच लक्षणे दिसतात, त्यानंतर तूट येते. म्हणजे एकाच रुग्णाला आधी उतावीळ आणि मग मलूल झालेले पाहून द्विध्रुवी मनोविकाराचे निदान होण्याची शक्यता खरोखरच असते.

दुसरा मार्ग वादग्रस्त आहे. टीएसएच अगदी मर्यादेत असूनही रक्तात ग्रंथीविरुद्धची अँटी-टीपीओ प्रतिपिंडे आढळणाऱ्यांच्या मनावर निव्वळ त्या प्रतिपिंडांचा परिणाम होतो काय? 2018 मध्ये ‘जामा सायकिअ‍ॅट्री’मध्ये सीगमान व सहकाऱ्यांनी एकोणीस अभ्यासांचे आणि 36,174 व्यक्तींचे एकत्रित विश्लेषण करून असा निष्कर्ष काढला की, स्वयंप्रतिरक्षाजन्य अवटुशोथ असलेल्यांत नैराश्याची शक्यता साडेतीनपट आणि चिंताविकाराची सव्वादोनपटीहून अधिक असते. या आकड्याने पुष्कळ गाजावाजा झाला. परंतु 2021 मध्ये त्याच नियतकालिकात बोडे व सहकाऱ्यांनी ग्रंथीच्या तुटीचा आणि नैराश्याचा संबंध फेरतपासला, तेव्हा तो सौम्य निघाला: उघड तुटीत शक्यता सुमारे पावणेदोनपट, आणि प्रच्छन्न तुटीत, म्हणजे टीएसएच चढलेले पण थायरॉक्सिन पुरेसे असताना, जेमतेम सव्वापटीहूनही कमी. आरंभीच्या अभ्यासांत रुग्णालयात आलेले, म्हणजे आधीच त्रस्त असलेले, लोक जास्त होते आणि समाजातून निवडलेले कमी, हे लक्षात घेतले की अशी तफावत का पडते ते समजते. प्रतिपिंड हा गुन्ह्याच्या जागी हजर असलेला साक्षीदार आहे. तोच गुन्हेगार आहे असे म्हणण्यास आज तरी पुरेसा दाखला नाही.

मात्र एका अवस्थेत हा साक्षीदार मोलाची खबर देतो, ती म्हणजे बाळंतपण. गर्भारपणात प्रतिरक्षा सौम्य होते आणि प्रसूतीनंतर ती उसळी घेते. ज्या स्त्रीच्या रक्तात आधीपासून प्रतिपिंडे असतात तिला प्रसूत्युत्तर अवटुशोथ होण्याची शक्यता सुमारे निम्मी असते. नेदरलँड्समधील बेर्गिंक व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रथमच उद्भवलेल्या बाळंतवेडाच्या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा प्रसूतीनंतर चार आठवड्यांनी त्यांच्यापैकी 19 टक्क्यांत अवटुग्रंथीचा स्वयंप्रतिरक्षाजन्य विकार होता, तर तुलनेच्या गटात 5 टक्क्यांत. आपल्याकडे बाळंतीण माहेरी असते, तिचे रडणे थकव्यात धरले जाते, निजणे आळसात, आणि संशय किंवा भास सुरू झाले की ‘बाहेरचे काही लागले’ म्हणून उतारा काढला जातो; रक्ताची चाचणी या साऱ्यानंतर, पुष्कळदा महिन्यांनी, होते. बाळंतपणानंतर मनःस्थिती बिघडलेल्या प्रत्येक स्त्रीचे टीएसएच तपासावे, एवढा एकच नियम पाळला गेला तरी या साऱ्या लेखाचे प्रयोजन बऱ्याच अंशी साधेल.

तिसरा मार्ग अत्यंत दुर्मिळ, पण त्याची कीर्ती मोठी. लॉर्ड ब्रेन यांनी 1966 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हाशिमोतोच्या एका रुग्णाची हकीकत दिली, त्याला वारंवार पक्षाघातासारखे झटके, शुद्ध हरपणे आणि गोंधळ होत असे. यालाच हाशिमोतोचा मस्तिष्कविकार म्हणतात. झटके, कंप, स्नायूंचे उडणे, चढउतार होणारी शुद्धी आणि उग्र भ्रम अशा या विकाराला काही रुग्णांत स्टिरॉईडने झपाट्याने गुण येतो, म्हणून त्याची ख्याती पसरली आणि तो नको तितका हुडकलाही जाऊ लागला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने 2021 मध्ये आपल्याकडे या शंकेने पाठवलेल्या 144 रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील फक्त 39 जणांत मेंदूचा स्वयंप्रतिरक्षाजन्य विकार ठरला. उरलेल्या 105 जणांत दुसरेच काही होते, आणि त्या ‘दुसऱ्या’त कार्यात्मक चेताविकार अग्रभागी होते, मनोविकारही होते. याचे कारण उघड आहे: ज्या प्रतिपिंडावर निदान उभारायचे ते निरोगी माणसांतही सहज सापडते. म्हणून 2016 च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी हे निदान अखेरचे ठरवले आहे. झटके, मेरुद्रवाची तपासणी, मेंदूचा आलेख आणि प्रतिमा यांचा हिशेब घेऊन, तसेच 2007 मध्ये ओळखल्या गेलेल्या एनएमडीए-ग्राहकविरोधी मस्तिष्कशोथासारखे विकार बाजूस सारल्यावरच त्याचा विचार करावा.

प्रतिपिंड किती सहज सापडते, याचा भारतीय दाखलाही आहे. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतील 5,376 प्रौढांच्या पाहणीत, जी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली, ग्रंथीची तूट 10.95 टक्क्यांत, आणि अँटी-टीपीओ 21.85 टक्क्यांत आढळली. म्हणजे पाच माणसांत एकाच्या रक्तात ही प्रतिपिंडे आहेत. मग कोणत्याही पाच उदास माणसांची चाचणी केली तरी साधारणपणे एकाची ‘पॉझिटिव्ह’ येणारच, आणि त्यावरून उदासीचे कारण सापडल्याचा आनंद मानणे म्हणजे आकड्यांना न विचारता निकाल देणे होय. कांग्रा खोऱ्यातील प्रयोगानंतर देशभर आयोडीनयुक्त मिठाची तजवीज झाली आणि गलगंडाचा बंदोबस्त बऱ्याच प्रमाणात झाला, ही स्वातंत्र्योत्तर आरोग्यकार्यातील मोठीच कामगिरी. परंतु आयोडीन वाढले की स्वयंप्रतिरक्षाजन्य अवटुशोथ काहीसा वाढतो हे चीन आणि डेन्मार्कमध्ये दिसले आहे. लाभ मोठा आणि तोटा लहान असल्यामुळे मीठ बदलण्याचे कारण नाही, पण मिठाने विकाराचे स्वरूप बदलले हे ध्यानात ठेवणे इष्ट.

व्यवहाराच्या बाजूला आले की काही गोष्टी तपशिलाने सांगाव्या लागतात. द्विध्रुवी विकारासाठी दिले जाणारे लिथियम ग्रंथीतून संप्रेरक बाहेर पडू देत नाही, आणि प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीत ते तूट लवकर उघड करते; म्हणून ते घेणाऱ्याचे टीएसएच दर सहा महिन्यांनी पाहिले पाहिजे. ग्रेव्हजसाठी दिले जाणारे कार्बिमाझोल आणि दुर्धर सिझोफ्रेनियासाठीचे क्लोझापीन ही दोन्ही क्वचित पांढऱ्या पेशी एकाएकी घटवतात. दोन्ही एकाच रुग्णाला चालू असली तर घसा दुखून ताप आला की रक्त तपासल्याशिवाय थांबू नये. फार काळ तुटीत राहिलेल्या वृद्धाला थायरॉक्सिन एकदम पूर्ण मात्रेत दिले तर हृदयाला धोका, आणि क्वचित उन्मादही. त्यामुळे थोड्यापासून चढवावे. गोळीचे गणित सोपे पण काटेकोर आहे: सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी, चहाआधी किमान अर्धा तास, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास दूर. आपल्याकडे पहाटेचा चहा हाच दिवसाचा आरंभ असल्याने, ‘शंभरची गोळी चालू आहे’ असे सांगणाऱ्या बाईची गोळी चहाच्या कपाबरोबर पोटात जाते आणि टीएसएच उतरत नाही, मग मात्रा वाढवली जाते. डॉक्टरने मात्रेआधी चहाची वेळ विचारली असती तर हे टळले असते. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांपूर्वी पुन्हा तपासून काही उपयोग होत नाही.

टीएसएच मर्यादेत आल्यावरही काही रुग्णांचा थकवा आणि बुद्धीवरचे धुके जात नाही, याला नाकारू नये. सुमारे पाच ते दहा टक्के रुग्ण अशी तक्रार करतात. याची मीमांसा अपुरी आहे. टी-3 जोडून पाहण्याचे प्रयोग संमिश्र आहेत. 2019 मध्ये नॉर्वेत 150 रुग्णांवर झालेल्या चाचणीत ग्रंथीच काढून टाकलेल्यांचा थकवा औषधावर ठेवलेल्यांपेक्षा कमी झाला, पण शस्त्रक्रियेचे धोके पाहता हा सल्ला फार थोड्यांसाठी. उलट ज्यांची तूट किरकोळ आहे, टीएसएच जरा चढलेले पण थायरॉक्सिन पुरेसे, त्यांना गोळी देऊन उदासी जाते असे दिसत नाही: 2018 च्या एकवीस चाचण्यांच्या संकलनात जीवनाच्या गुणवत्तेत वा नैराश्यात फरक पडलेला नाही. गोळी निरर्थक नाही. ती तिच्या कामापुरती आहे, एवढाच याचा अर्थ.

यानंतर येतो तो प्रश्न वैद्यकाच्या दफ्तरात कोठेही नोंदला जात नाही, पण या शहराच्या गल्ल्यांत तो रोजचा आहे. ‘मेंटल’ या शब्दाची धास्ती अशी आहे की, महाराष्ट्राची ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार जुनी मनोरुग्णालये मराठवाड्याच्या बाहेरच असणे अनेकांना जणू दिलासा देते. आणि ‘थायरॉईड निघाला’ या वाक्याला मात्र काहीही कमीपणा चिकटत नाही. ते वाक्य शेजाऱ्यांना सांगता येते, लग्नाच्या बैठकीतही, थोडे चाचरत का होईना, सांगता येते. त्यामुळे घरचे लोक, आणि कधी स्वतः रुग्णही, मनाचे सारे दुखणे थायरॉईडच्या खात्यावर टाकायला उत्सुक असतात, आणि टीएसएच जागेवर आले की मनोविकाराची गोळी परस्पर बंद केली जाते. इकडे वॉर्डात नेमके उलटे घडते: ज्याला एकदा सिझोफ्रेनियाचा कागद चिकटला त्याचा आळस, त्याची सूज, त्याचे वजन औषधाच्या खाती पडते आणि रक्त तपासायचे राहून जाते. घरात ग्रंथीला जास्त श्रेय मिळते आणि वॉर्डात कमी; या दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध असूनही त्यांचे मूळ एकच, ते म्हणजे एका रुग्णाला एकच निदान असावे हा आग्रह.

या आढाव्याचा निष्कर्ष म्हणूनच हातचे राखून मांडावा लागतो. प्रथमच मनोविकाराने आलेल्या प्रत्येक प्रौढाचे टीएसएच एकदा पाहावे. बाळंतपण, लिथियम, उपचारांना दाद न देणारे नैराश्य किंवा पटापट फेरे घेणारा द्विध्रुवी विकार असेल तर पुन्हा पाहावे. प्रतिपिंडांची चाचणी ज्यांचे टीएसएच बिघडले आहे, गळ्यात गाठ आहे, गर्भारपण आहे किंवा मस्तिष्कविकाराची सयुक्तिक शंका आहे, अशांपुरती ठेवावी. आणि ती ‘पॉझिटिव्ह’ आली तरी तिला स्वतंत्र आजाराचा दर्जा देऊ नये. तूट असेल तर भरावी, अतिरेक असेल तर आवरावा, आणि तीन महिन्यांनी मन कोठे आहे ते पाहून मनाचा उपचार पुढे न्यावा. थायरॉक्सिनने मन सुधारले तर हा विकार ग्रंथीचाच होता असे मानायला आधार आहे, आणि ग्रंथी ताळ्यावर येऊनही मन तसेच राहिले तर मनाच्या उपचारात काटकसर करण्याचे काही कारण नाही. केसपेपरवर दोन विभागांची नावे लिहिली गेली तर रुग्णाच्या अब्रूला धक्का बसत नाही. आणि एका विभागाने दुसऱ्याला दोन ओळींचे पत्र लिहिले तर कोणाचाही अधिकार कमी होत नाही. आजवरचा सर्व पुरावा एवढे निश्चित सांगतो की, ही दोन नावे एकाच माणसाची असतात, आणि त्याला बरे करायचे असेल तर दोन्ही विभागांनी आपापल्या कामाची जबाबदारी घ्यावी लागते.